सराव चाचण्यांचा संच: प्रश्न चांगले, पण 'मुली-मुलगे' पानावर विसंबू नका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या क्लासमधून बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना दिला जाणारा हा ऑनलाइन सराव संच. क्लासवाले त्यावर आपापलं कव्हर चढवतात, त्यामुळे एकच माल चार नावांनी फिरतो. म्हणून इथे नाव दिलेलं नाही. तुमच्याकडचा संच याच जातीचा आहे का, हे ओळखायची खूण सोपी आहे: प्रत्येक चाचणीनंतर येणाऱ्या अहवालात 'मुली-मुलगे तुलना' असं एक रंगीत पान असतं. लिहायचं आहे ते मुख्यतः त्या पानाबद्दल. बाकीचं आधी उरकून घेऊ.

संचात एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या २० चाचण्या आहेत (१२ पीसीएम म्हणजे भौतिक-रसायन-गणिताच्या, ८ पीसीबी म्हणजे भौतिक-रसायन-जीवशास्त्राच्या), शिवाय जेईई मेनच्या ६ आणि नीटच्या ६. प्रश्नांचा दर्जा चांगला. सीईटीत बारावीवर ८० टक्के आणि अकरावीवर २० टक्के भार असतो, तो इथे पाळलेला आहे. भौतिकशास्त्र-रसायनशास्त्र मराठीतूनही घेता येतं, गणित खऱ्या परीक्षेसारखंच फक्त इंग्रजीत. मराठी भाषांतर मात्र पुन्हा तपासायला हवं. प्रकाशाच्या प्रश्नांत अंतर्वक्र आणि बहिर्वक्र यांची अदलाबदल झालेली आहे, आणि तिथे मूळ इंग्रजी प्रश्न उघडून पाहिल्याशिवाय उत्तर लागत नाही. उत्तरं पायऱ्यांसकट दिली आहेत. वळवाच्या पावसात वीज गेली तर भरलेली उत्तरं टिकतात आणि घड्याळ थांबलं होतं तिथूनच सुरू होतं. एप्रिल-मे महिन्यात कोकणात ही सोय फार मोलाची आहे.

आता ते पान.

त्यावर प्रत्येक प्रश्नासमोर दोन पट्ट्या असतात: किती टक्के मुलींचं उत्तर बरोबर आलं आणि किती टक्के मुलग्यांचं. फरक ५ टक्क्यांहून जास्त झाला की प्रश्न लाल होतो. पानाच्या तळाशी आपोआप तयार झालेला सल्ला येतो: 'मुलींनी पुढील प्रकरणं शेवटी सोडवावीत.' घूर्णन गती, त्रिमितीय भूमिती, घन अवस्था ही नावं या यादीत पुन्हा पुन्हा दिसतात. सतरा वर्षांच्या मुलीच्या हातात असा कागद पडला की ती प्रकरणं शेवटी जात नाहीत, अभ्यासातूनच जातात. आणि ज्या आकड्यांवर हा सल्ला उभा आहे ते आकडे तो पेलू शकत नाहीत.

पहिला घोळ गटांचा. भौतिकशास्त्राचे बरेच प्रश्न पीसीएम आणि पीसीबी अशा दोन्ही चाचण्यांत तेच आहेत, आणि अहवाल दोन्हीकडची उत्तरं एकत्र मोजतो. समजा १०० मुलींपैकी ७० पीसीबीच्या आणि ३० पीसीएमच्या आहेत, आणि १०० मुलग्यांत हेच प्रमाण उलटं आहे. एक प्रश्न पीसीएमच्या ६० टक्के विद्यार्थ्यांना येतो, पीसीबीच्या ४० टक्के विद्यार्थ्यांना. दोन्ही गटांत मुलगी-मुलगा असा काहीही फरक नाही. तरी एकत्र हिशेबात मुलींचे ४६ टक्के येतात आणि मुलग्यांचे ५४. आठ टक्क्यांचा फरक, प्रश्न लाल! वास्तविक तो फरक आहे गणित घेतलेल्या आणि न घेतलेल्या विद्यार्थ्यांचा.

दुसरा घोळ कोऱ्या उत्तरांचा, आणि हा सगळ्यात मोठा. अहवालात 'चूक' या एकाच रकान्यात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत: चुकीचा पर्याय निवडला, प्रश्न वाचून सोडून दिला, आणि वेळ संपल्यामुळे प्रश्नापर्यंत पोचताच आलं नाही. तिन्हींची कारणं वेगळी, उपायही वेगळे. पहिलीला अभ्यास लागतो, तिसरीला वेग. दुसरीला लागते ती जोखीम घ्यायची सवय, आणि मुली-मुलग्यांचा फरक नेमका तिथे दिसून आलेला आहे. कॅथरीन बाल्डिगा यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चुकीला गुण कापले जात होते तेव्हा स्त्रियांनी पुरुषांपेक्षा जास्त प्रश्न सोडून दिले; कापणी नव्हती तेव्हा हा फरक राहिला नाही. चिली देशाने आपल्या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतली ही कापणी काढून टाकली, तेव्हा प्रश्न सोडण्यातली मुली-मुलग्यांमधली दरी बरीच कमी झाली आणि गुणांमधली दरीही आकसली, विशेषतः हुशार विद्यार्थ्यांमध्ये. अमेरिकेतल्या एसएटी परीक्षेनेही २०१६ पासून चुकीची कापणी बंद केली.

हे माहीत असताना या संचाने काय केलं आहे? सीईटीच्या चाचण्यांनाही चुकीमागे पाव गुण कापायची व्यवस्था 'शिस्त लागावी म्हणून' सुरू ठेवली आहे. खऱ्या एमएचटी-सीईटीत नकारात्मक गुण नाहीत. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे ५०-५० प्रश्न प्रत्येकी १ गुणाचे, गणिताचे ५० प्रश्न प्रत्येकी २ गुणांचे, एकूण २००, आणि चुकीला शून्य. त्या परीक्षेत एकही प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे हातचं घालवणं. गणितात दहा प्रश्न कोरे सोडले तर डोळे मिटून खुणा केल्या असत्या तरी सरासरी ५ गुण आले असते. सरावात वीस वेळा 'सोडून दे' असं शिकवायचं आणि परीक्षेत 'सगळे सोडव' म्हणायचं, हे चालत नाही. बोट सवयीने जातं. आणि ही सवय कोणाला जास्त महाग पडते ते वर लिहिलंच आहे.

जेईई आणि नीटमध्ये खरोखरच कापणी आहे: बरोबरला ४, चुकीला वजा १. तिथेही हिशेब मुलींना कागदावर करून दाखवायला हवा, कारण 'खात्री असेल तरच खूण कर' हा घरातला आणि वर्गातला सल्ला आकड्यांच्या विरुद्ध जातो. चार पर्यायांतून आंधळेपणाने एक निवडला तर सरासरी हाती येतं: चारातला एक भाग ४ गुण, तीन भाग वजा १, म्हणजे पाव गुण अधिक. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर साधारण ०.६७. दोन उडवता आले तर दीड गुण. जुन्या एसएटीत पाच पर्याय होते आणि पाव गुण कापला जाई, तिथे आंधळ्या खुणेची सरासरी बरोबर शून्य यायची. आपल्याकडे तीही शून्याच्या वर आहे. तेव्हा नियम असा ठेवावा: एक पर्याय जरी उडवता आला तरी खूण करायची. फक्त जो प्रश्न वाचायलाच दोन मिनिटं लागतील तो सोडायचा, कारण तिथे खर्च होते ती वेळ.

तिसरा घोळ या भागाचा खास. चाचण्या क्लासच्या संगणक कक्षात संध्याकाळी होतात. लांजा, राजापूर, गुहागर बाजूच्या गावांतल्या मुलींना वस्तीच्या गाडीआधी निघावं लागतं, म्हणून त्यांना घरून मोबाइलवर चाचणी द्यायची मुभा असते. मुभा योग्यच आहे. पण मोबाइलवर आकृतीचे प्रश्न बोटांनी मोठे करून बघावे लागतात, आकृती मोठी केली की पर्याय स्क्रीनबाहेर जातात, आणि एका प्रश्नाला पंधरा-वीस सेकंद जास्त लागतात. सीईटीत भौतिक-रसायनाच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नामागे ५४ सेकंद. त्यातले वीस गेले तर राहिलं काय? अहवालात 'कोणत्या उपकरणावर' हा रकानाच नाही. परिणामी 'मुली आकृत्यांत कच्च्या' असा निष्कर्ष छापला जातो, आणि त्यात मोबाइलच्या स्क्रीनचा वाटा किती हे शोधायला कुठलीच वाट उरत नाही.

चौथी गोष्ट तत्त्वाची. मुली आणि मुलगे यांची सरसकट टक्केवारी शेजारी मांडून प्रश्नाबद्दल काहीच कळत नाही. विचारायचं असतं ते असं: एकूण गुण सारखे असलेल्या मुली आणि मुलगे या एका प्रश्नावर वेगळे वागतात का? परीक्षा तयार करणाऱ्या संस्था हे गेली कित्येक वर्षं तपासतात. पॉल हॉलंड आणि डोरोथी थेयर यांनी १९८८ मध्ये त्यासाठी मँटेल-हेन्झेल पद्धत रूढ केली आणि ती साध्या स्प्रेडशीटमध्ये करता येते. या संचाची एक जमेची बाजू अशी की क्लासच्या खात्यातून प्रत्येक विद्यार्थ्याची प्रश्नवार उत्तरं फाइल म्हणून उतरवता येतात. ती घ्या आणि असं करा.

आधी पीसीएम आणि पीसीबी वेगळे करा. मोबाइलवर दिलेल्या चाचण्या कोणत्या ते हजेरीवरून शोधा आणि बाजूला काढा. मग प्रत्येक विद्यार्थ्याची शेवटची सलग कोरी उत्तरं 'पोचलं नाही' म्हणून त्या प्रश्नाच्या मोजणीतून वगळा. मधली कोरी उत्तरं 'चूक' मध्ये धरा, पण त्यांची मुली-मुलगे अशी वेगळी मोजणीही ठेवा. आता २०० गुणांचे चाळीस-चाळीसचे पाच टप्पे पाडा. प्रत्येक टप्प्यात चार आकडे: मुलगे बरोबर, मुलगे चूक, मुली बरोबर, मुली चूक. 'मुलगे बरोबर गुणिले मुली चूक' याला टप्प्यातल्या एकूण संख्येने भागा. तसंच 'मुलगे चूक गुणिले मुली बरोबर' यालाही. सगळ्या टप्प्यांची पहिली बेरीज भागिले दुसरी बेरीज, हे गुणोत्तर. ते १ आलं तर प्रश्न दोघांना सारखा.

नमुन्यादाखल दोनच टप्पे घेऊ. पहिल्यात ४० मुलग्यांपैकी २४ बरोबर, ४० मुलींपैकी १८. दुसऱ्यात ३० मुलग्यांपैकी २४, ३० मुलींपैकी २१. पहिल्या टप्प्यात २४ गुणिले २२ भागिले ८० म्हणजे ६.६, आणि १६ गुणिले १८ भागिले ८० म्हणजे ३.६. दुसऱ्यात ३.६ आणि २.१. बेरजा १०.२ आणि ५.७, गुणोत्तर १.७९. त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन वजा २.३५ ने गुणलं की येतं साधारण वजा १.३७. वजा चिन्ह म्हणजे प्रश्न मुलींना जड. चिन्ह सोडून आकडा १ च्या आत असेल तर दुर्लक्ष करा, १ ते १.५ असेल तर प्रश्न पुन्हा वाचा, दीडच्या पुढे गेला तर दोन शिक्षकांनी बसून तो तपासावा. एका क्लासच्या साठ विद्यार्थ्यांवर हे करू नका. प्रत्येक बाजूला दोनशे तरी हवेत, नाहीतर आकडा दर चाचणीला उड्या मारतो. तीन-चार क्लासनी फाइली एकत्र केल्या तर ही संख्या सहज जमते.

आकडा मोठा आला म्हणजे प्रश्न पक्षपाती, असं मात्र लगेच म्हणू नये. त्रिमितीय भूमितीचा प्रश्न अभ्यासक्रमातला आहे, तो ठेवायलाच हवा. काढायचा तो प्रश्न, जो भौतिकशास्त्राशिवाय दुसऱ्याच कशाची तरी माहिती मागतो. संचात असे काही सापडतात. क्रिकेटमधल्या 'लेग कटर'चा उल्लेख करून चेंडूच्या फिरकीबद्दल विचारलं आहे. तो शब्द न कळणाऱ्या विद्यार्थ्याला चेंडू कोणत्या अक्षाभोवती फिरतो हेच कळत नाही. बंदुकीच्या धक्क्याचे आणि मोटारसायकलच्या झुकण्याचे प्रश्न इतके आहेत की यांत्रिकीचा निम्मा भाग त्यांनीच भरलाय. भौतिकशास्त्राच्या शिक्षणात ही चर्चा जुनी आहे. १९९२ साली आलेल्या 'फोर्स कन्सेप्ट इन्व्हेंटरी' या जगभर वापरल्या जाणाऱ्या चाचणीतही हॉकीची चकती, तोफेचा गोळा असले संदर्भ आहेत आणि त्यावर पुढे बरंच संशोधन झालं. संदर्भ बदलून पाहिले तेव्हा परिणाम सगळ्या प्रश्नांवर एकसारखा दिसला नाही, प्रश्नागणिक वेगळा दिसला. म्हणून बंदूक काढून लाटणं घातलं की काम झालं, असं समजू नये. तसं करणं मुलींचा अपमानही आहे.

चांगला संदर्भ तो, जो दोघांनी सारखाच पाहिलेला असतो. संचातच त्याचा एक सुंदर नमुना आहे: ५०० मीटर लांबीची गाडी ताशी ७० किलोमीटर वेगाने करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पूर्ण पार करायला किती वेळ घेईल? उत्तर ६ मिनिटं; गाडीची लांबी मिळवायला विसरलेल्याला साडेपाचच्या थोडं वर मिळतं आणि तो पर्यायही दिलेला आहे. सापळा भौतिकशास्त्राचा आहे, बाहेरच्या माहितीचा नाही. दाभोळ-धोपावे फेरीबोट आणि ओहोटीचा प्रवाह घेऊन सापेक्ष वेगावर केलेला प्रश्नही असाच. असे आणखी हवेत.

आकृत्या मनात फिरवण्याचा भाग वेगळा काढून बोलावं लागेल, कारण तिथला फरक खरा आहे. शेपर्ड आणि मेट्झलर यांनी १९७१ मध्ये वापरलेल्या घनांच्या आकृत्यांसारख्या चाचण्यांत पुरुषांची सरासरी स्त्रियांपेक्षा वर येते, आणि आकलनाच्या चाचण्यांमध्ये आढळणाऱ्या मोठ्या फरकांपैकी हा एक आहे. पण ही क्षमता सरावाने वाढते, हेही तितकंच पक्कं आहे. शेरिल सॉर्बी यांनी अमेरिकेतल्या मिशिगन टेक विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी १९९३ पासून यासाठीच अभ्यासक्रम चालवला. म्हणजे 'शेवटी ठेवा' हा सल्ला नेमका उलटा आहे. ही प्रकरणं आधी आणि हाताने करायला हवीत. खराट्याचे हीर आणि कणकेच्या गोळ्या पुरतात. आठ कोपऱ्यांवर आठ गोळ्या आणि मध्ये एक: कोपऱ्यातली प्रत्येक गोळी आठ घनांत वाटली जाते, म्हणून एका घनाच्या वाट्याला १ अधिक १, एकूण २ अणू. मधली काढून सहा पृष्ठांवर एकेक लावली तर १ अधिक ३, म्हणजे ४. घन हातात फिरवून झाला की डोळे मिटून तोच फिरवायचा, मग कागदावर काढायचा. रोज पंधरा मिनिटं, महिनाभर. संचात घन अवस्थेचे आणि त्रिमितीय रसायनाचे आकृतीवाले प्रश्न भरपूर आहेत, त्यांचा उपयोग इथे करावा. आधी घड्याळ बंद ठेवून, दोन आठवड्यांनी घड्याळ लावून.

बीजगणिताबद्दल उलट दिशेची नोंद. गॅलाघर आणि डी लिसी यांनी १९९४ मध्ये एसएटीच्या गणितावर केलेल्या अभ्यासात मुली शिकवलेल्या पद्धतीने सुटणाऱ्या प्रश्नांत पुढे होत्या, आणि मुलगे आडवाटेने सुटणाऱ्या प्रश्नांत. संचातल्या उत्तरसूचीत फक्त शिकवलेली पद्धत दिली आहे. प्रत्येक चाचणीतले दहा प्रश्न घेऊन दुसरी वाट शोधायला लावणं, पर्याय मूळ समीकरणात टाकून बघणं, टोकाची किंमत घालून बघणं, हे वर्गात करून घ्यावं लागेल. गणिताला प्रश्नामागे १०८ सेकंद असतात. सरळ वाटेने सगळे होत नाहीत.

पालकांना पडणारा एक प्रश्न रास्त आहे: बोर्डात मुली पुढे आणि प्रवेश परीक्षेत मागे, असं का? २०२५ च्या बारावीच्या निकालात कोकण विभाग ९६.७४ टक्क्यांनी राज्यात पहिला होता, आणि राज्यभरात मुली ९४.५८ तर मुलगे ८९.५१ टक्के उत्तीर्ण झाले. बोर्ड पायऱ्यांना गुण देतं, प्रवेश परीक्षा फक्त पर्यायाला. दोन्ही वेगळ्या गोष्टी मोजतात, आणि एकीवरून मुलीची कुवत ठरवू नये. न्यूयॉर्क राज्य शिष्यवृत्ती फक्त एसएटीवर देत असे. १९८९ मध्ये तिथल्या संघराज्य न्यायालयाने ते मुलींवर अन्याय करणारं ठरवलं, कारण शाळेतल्या गुणांत मुली मागे नव्हत्या. महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या गुणांचा अंदाजही एसएटी मुलींच्या बाबतीत कमीच वर्तवते.

संच घ्यावा का? प्रश्नांसाठी, हो. किंमत क्लासच्या फीमध्ये धरलेली असते, पण प्रवेश घेण्याआधी क्लासला तीन गोष्टी विचारा: प्रश्नवार फाइल विद्यार्थ्यांना मिळते का, गावच्या मुलींसाठी रविवारी सकाळी संगणकावर चाचणीची पाळी आहे का, आणि 'मुली-मुलगे' पान अहवालातून वगळता येतं का. ते येतं, अहवालाच्या मांडणीत त्या पानासमोरची खूण काढली की पुढच्या चाचणीपासून छापलं जात नाही. सीईटीसाठी नकारात्मक गुणही बंद होतात, पण फक्त क्लासच्या खात्यातून आणि प्रत्येक चाचणीला वेगळे. वीस चाचण्या, वीस वेळा. पहिली चाचणी सुरू व्हायच्या आधीच ते सगळं एकदम करून घ्या, कारण चाचणी एकदा दिली गेली की तिचा हिशेब मागे जाऊन बदलत नाही.